जयवंत घाड्यानं लावलेला कौल

जानेवारीतली थंडी कांजूरमार्गला एकटी येत नाही, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास पाठुंगळी घेऊन येते. खाडीकडनं वारा सुटला की सकाळी सहालाच तो वास चाळीच्या नळावर हजर. त्या दिवशी तर धुकंही असं उतरलं होतं की हायवे दिसतच नव्हता, नुसता ऐकू येत होता. जयवंत घाडीला तेवढं पुरे होतं. गॅरेजचं शटर वर ढकलता ढकलता तो थांबला, मान तिरकी केली आणि पुटपुटला, "चौथो इंजेक्टर गेलो हेचो." ट्रक कुठला, कुणाचा, देव जाणे. तो आपल्या आजारासकट धुक्यातून मुलुंडकडे निघून गेला.

गॅरेज म्हणजे काय, दहा बाय पंधराचा गाळा. आत एक गाडी मावते, दुसरीचं तोंड रस्त्यावर. त्या सकाळी एका शाळेच्या व्हॅनचे ब्रेक उघडून ठेवले होते. जयवंत पोत्यावर बसून ब्रेकशूची धूळ फुंकत होता, तेवढ्यात त्याची बायको जानकी चहा घेऊन आली आणि वरनं म्हणाली, "त्या निलेशाचो फोन इल्लो. धा वाजता तयार रव म्हणता. गाडी बघूक जावचा असा. आंघोळ करून जा हां, नायतर तेच्या गाडयेत बसशीत ह्या ग्रीस घेवन."

"गाडी घेवक नाय, बघूक जातंव."

"बघूक जातानाच आंघोळ करतत. घेतल्यावर कोण बघता?"

जानकीशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. जयवंतनं चहा संपवला आणि व्हॅनचे ब्रेक नऊच्या आत बसवून दिले.

जयवंत सतराव्या वर्षी सिंधुदुर्गातनं चुलत्याच्या गॅरेजात आला, त्याला आता चाळीस वर्षं झाली. शाळा आठवीपर्यंत. बाकीचं शिक्षण टॅक्सीच्या बॉनेटखाली. एक हातभर लांब स्क्रूड्रायव्हर त्याच्यापाशी असे. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग इंजिन त्याला आपलं सगळं सांगून टाकी. विक्रोळी ते भांडुप "घाडीकाका बघतील" एवढं म्हटलं की गिऱ्हाईकाचा जीव भांड्यात पडायचा. पण अलीकडे गाड्याच बोलेनाशा झाल्या होत्या. बॉनेट उघडावं तर वर प्लास्टिकचं झाकण, खाली कॉम्प्युटर. हळूहळू त्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागल्या. जयवंतकडे उरले टेंपो, शाळेच्या व्हॅनी आणि म्हाताऱ्या माणसांच्या म्हाताऱ्या गाड्या.

दुसरं एक काम मात्र त्याच्यापासनं कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. तो घाडी. गावात देवापुढं उभं राहून गाऱ्हाणं घालायचा, कौल लावायचा मान घाड्याच्या घराण्याचा. चाळीतल्या मालवणी माणसांनी पन्नासेक वर्षांपूर्वी गावच्या देवळातला एक काळा पाषाण आणून नळाच्या बाजूच्या घुमटीत बसवला, तेव्हापासून तो मान आधी चुलत्याकडे आणि मग जयवंतकडे. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाला खोली विकायचीय, कुणाचं पोर दुबईला निघालंय, की जयवंत ग्रीसचे हात रॉकेलनं धुऊन, वर साबण लावून देवापुढं उभा. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर तगरीची ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. एका कामाला एकदाच. लावलेली पाकळी पुन्हा काढायची नाही.

आता निलेश. निलेश परब याच चाळीतला, अण्णा परबांचा मुलगा. अण्णा गिरणीतले, गिरणी गेली तशी वॉचमनकी करून मुलांना शिकवलेले. निलेश पवईला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायलाही तिकडेच. अण्णा मात्र चाळ सोडायला तयार नव्हते. ते आणि त्यांची मोठी मुलगी अनुपमा इथंच राहायचे. निलेशला व्यसन कसलं नाही, एक खूळ तेवढं. दोन सीटांची, छप्पर मागं दुमडणारी एक स्पोर्ट्स कार. कॉलेजात असताना तिचा फोटो त्यानं अनुपमाच्या शिलाईच्या मशीनवर चिकटवला होता. नोकरी लागल्यापासून तो पैसे बाजूला टाकत होता. नवी परवडणं शक्यच नव्हतं. मुंबईत विकायला आलेल्या जुन्या होत्या दोन. गाडी एकच, पण एक पहिल्या बनावटीची, सोळा-सतरा वर्षांपूर्वीची, आणि दुसरी नंतर सुधारून काढलेली, सातेक वर्षांची. किंमत म्हटली तर दोघींची जवळजवळ तीच, कारण पहिलीचे म्हणे शौकीन फार.

"काका, इंटरनेटवर नुसती मारामारी चाललीय," निलेश गाडीत सांगत होता. मागं अण्णा बसले होते, कारण अण्णांशिवाय कुठली खरेदी होत नसे. "अर्धे म्हणतात पहिलीच खरी, नंतरचीत मजा नाही. अर्धे म्हणतात पहिली घेणारे येडे. मी चार महिने वाचतोय. डोक्याचा पार भुगा झालाय."

"वाचून गाडी घेतत?" अण्णा मागनं म्हणाले. "मगे म्हस काय पुस्तक बघान घेवची?"

पहिली गाडी मुलुंडला एका निवृत्त डॉक्टरीणबाईंच्या इमारतीखाली उभी होती. लाल रंग उन्हानं विटलेला. छपराच्या कापडाला एका कोपऱ्यात ठिगळ. क्लच दाबायचा तर मांडीत ताकद हवी. आत ना पडदा ना बटणं. जयवंतनं आधी इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री केली, मग चालू करायला सांगितलं आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला.

"फोन लागलो काय रे देवाक?" अण्णा म्हणाले.

जयवंतचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर एक असं हसू होतं, जे जानकीनंही फार वेळा पाहिलेलं नसेल. इंजिन धडधाकट होतं. खाली वाकून त्यानं साटा, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाहिला, सीटा उचलल्या, दारांच्या कडा चाचपल्या. म्हातारी होती, पण घरंदाज. जे मोडेल ते हातानं सुटेल आणि हातानं बसेल अशी.

खोटं कशाला बोला, त्याच्या मनात त्या क्षणी दुसराही एक विचार आला. ही गाडी आपल्या दारात उभी राहील. येणारे-जाणारे थांबून विचारतील, कुणाची हो? आणि आपण म्हणू, आपल्याकडेच असते कामाला.

दुसरी साकीविहार रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. तीही लाल, पण ताज्या रक्तासारखी. तिथल्या श्रेयस नावाच्या पोरगेल्या सेल्समननं लॅपटॉप गाडीला जोडला आणि पडदा निलेशकडे फिरवला. "बघा सर, सगळं ग्रीन. एक पण एरर नाही. सहा एअरबॅग. पहिलीत दोनच होत्या. आणि स्टेअरिंग इलेक्ट्रिक, एका बोटानं फिरतं."

जयवंतनं काचा वर करायला सांगितल्या आणि आत एकटाच बसून राहिला. दहा मिनिटं.

"काका झोपले काय?" श्रेयस.

"ते वास घेतायत," निलेश म्हणाला, जरासा ओशाळून.

आत अत्तर फवारलेलं होतं. अत्तराखाली गालिच्याचा नवा वास. त्याच्याही खाली, सातव्या-आठव्या मिनिटाला, काहीतरी वर आलं. पावसाळ्यात तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरून गेल्यावर महिनाभर गादीला येतो, तो वास. जयवंतनं सीटच्या रुळाचा स्क्रू नखानं खरवडला. नखात पिवळी, पिठासारखी बारीक माती आली. मग त्यानं सीटबेल्ट ओढून पाहिले. कोरे करकरीत होते.

"पट्टे नवे कित्याक घातलास?"

"मेंटेनन्स, काका."

"सात वर्सांच्या गाडयेचे पट्टे कोण बदलता? आणि ही माती?"

"अहो, लोक बीचवर नेतात गाडी. टू-सीटर आहे, मंदिरात थोडी नेणार!"

अण्णांना हसू आलं. निलेशनं जयवंतच्या नखाकडं पाहिलं. तीळभर माती. मग त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं. सगळं हिरवं.

बाहेर टपरीवर चहा घेताना जयवंत म्हणाला, "पाण्यात बुडलेली असा ती. आज नाय सांगूची, उद्या नाय सांगूची. वायरींक गंज आतनं चढता. एक दिवस त्या एका बोटाच्या स्टेरिंगाक दोन हात पुरूचे नाय. मुलुंडची घे."

निलेशनं कप गोल गोल फिरवला. मग हसत म्हणाला, "काका, राग मानू नका हां. पण तुम्हाला जुनीच आवडणार ना! नवीला तुमचा पाना कुठं लागतो?"

त्यात कपट नव्हतं. निलेश तसा गुणी मुलगा. पण शब्द नेमका तिथंच लागला जिथं सकाळपासनं जयवंतचं स्वतःचंच मन खुपत होतं. तो म्हणाला, "मगे माका विचारू नको. देवाक विचार."

"ह्या बेस झाला!" अण्णा म्हणाले. "उद्या सोमवार. कौल लावया."

आणि निलेशही, चार महिने वाचून वाचून थकलेला निलेश, सुटल्यासारखा म्हणाला, "चालेल. देव सांगेल ती फायनल."

सोमवारी सकाळी घुमटीपुढं चाळीतली आठ-दहा माणसं जमली. जयवंत पंचा नेसून उभा. तगरीच्या पाकळ्या तांब्यात भिजत होत्या. त्यानं दोन निवडल्या, सारख्या आकाराच्या, सारख्या जाडीच्या. इतक्या वर्षांत हे करताना त्याचा हात कधी विचार करत नसे.

त्या दिवशी हात विचार करू लागला. पहिली घ्यायची तर उजवी, नंतरची घ्यायची तर डावी, असं ठरलेलं. उजवी आधी पडली तर? लोक म्हणतील, घाड्यानं देवालाही आपल्या गॅरेजात कामाला लावला. आपणच म्हणू. नाही, हातून तसूभरही लबाडी होता कामा नये. डावी पाकळी त्यानं नेहमीसारखी लावली. उजवी लावताना अंगठा जरा जास्त टेकला. नट बसल्यावर मेकॅनिक सवयीनं पाव आटा आणखी देतो ना, तेवढाच. पाकळीमागचं पाणी दोन्ही बाजूंनी निथळून आलं आणि पाकळी दगडाला अशी बसली, जशी चांगली गास्केट बसते.

अंगठा उचलला तेव्हा त्याला कळलं. आपण लबाडी टाळता टाळता दुसऱ्या बाजूनं लबाडी करून बसलो. पण लावलेली पाकळी काढायची नसते.

"हे देवा म्हाराजा!" गळा आपोआप चालू झाला. "ह्या लेकरान दोन गाडये बघल्यान हत. पयली घेवची तर उजवी दी, नंतरची घेवची तर डावी दी. तेच्या जिवाक, तेच्या घराक जी बरी पडात ती दाखव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

"त्या वाटेर काय आडा-तिडा असात ता दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जयवंत उजव्या पाकळीकडं बघत होता. पड, पड गो बाय. ती हलली नाही. डावी कडेनं सुकत गेली, वाकली आणि अलगद खाली आली.

अण्णांनी हात जोडले. निलेशनं खिशातनं फोन काढून तिथंच श्रेयसला लावला.

जेवताना जयवंतनं ताट पुढं सरकवलं. जानकीनं पाहिलं. "काय झाला?"

त्यानं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. जानकीनं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"मगे परत लाव."

"एका कामाक दोनदा नसता."

"मगे जावन सांग अण्णांका. हात चुकलो म्हणान. हात काय कोणाचो चुकना नाय? भात माझो रोज करपता."

"भात वेगळो गो."

"करपल्यावर सगळा सारख्याच लागता," जानकी म्हणाली. पण ताट तिनं उचललं नाही, थोडा वेळ त्याच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अण्णांकडे गेला. मनाशी वाक्य जुळवलेलं होतं, "अण्णा, तो कौल धरू नको. उजवी मी दाबून लायलंय." सोपं वाक्य. दार अनुपमानं उघडलं. ती मुलुंडच्या एका शाळेत शिकवते, चाळिशीची, पेपर तपासत होती. "या काका, चहा टाकते," म्हणून आत गेली.

"बस रे," अण्णा म्हणाले. "निलेश उद्या गाडी आणता. तू नसतस तर तो वाचतच रवलो असतो."

"अण्णा, त्या कौलाचा..."

"तुझ्या हातान देव कधी चुकीचा सांगूक नाय," अण्णांनी आवाज खाली केला. "अनूच्या टायमाक आठवता? वेंगुर्ल्याचा स्थळ. मुलगो शिकलेलो, हिच्याय मनात व्हतो. मी तर होय म्हणान बसलंय. तू कौल लायलंस, डावी पडली. मी मोडलंय ता स्थळ. लोक काय काय बोलले माका. पण मी म्हटलंय, घाड्याचो हात असा तो. तेच्यात खोट नाय."

आतनं कपबशीचा आवाज आला. चौदा वर्षं झाली होती त्याला. त्या मुलाचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, सुखात आहे असं कुणी कुणी सांगायचे. अनुपमाला त्यानंतर मनाजोगं स्थळ आलं नाही, मग तिनंच नको म्हटलं.

जयवंत आठवू लागला. त्या दिवशी उजवी कशी लावली होती? अंगठा कुठं होता? त्या सकाळी हाताला ग्रीस होतं का? आठवेना. इतक्या वर्षांतलं एकही आठवेना. आणि आज जर तो म्हणाला की पाकळी देव पाडत नाही, अंगठ्याच्या दाबानं पडते, तर या घरातल्या या बाईला तो काय सांगणार होता?

अनुपमा चहा घेऊन आली. "साखर कमी टाकलीय हां काका, काकूंनी दम दिलाय."

तो चहा पीत राहिला.

"काय सांगत व्हतंस?" अण्णांनी विचारलं.

"काय नाय. म्हटलंय, गाडी इली की नारळ घेवन येतंय."

गाडी आली. लाल, चकचकीत. चाळीच्या तोंडाशी पोरांनी आणि मोठ्यांनीही फोटो काढले. जयवंतनं नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं. महिनाभर गाडी पाण्यासारखी चालली. जयवंत रोज देवाला सांगायचा, माका खोटो पाड म्हाराजा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपलं निदान चुकावं असं वाटत होतं.

फेब्रुवारीत निलेशनं सहज सांगितलं, पवईच्या वळणावर स्टेअरिंग एकदा दगड झालं होतं. क्षणभरच. लाल दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी लॅपटॉप लावला, दिवा पुसला, म्हणाले ओके आहे.

"दिवो पुसलो म्हणजे आग इझली?" जयवंत ओरडला. "उघड ती, मी बघतंय."

निलेशनं बॉनेट उघडलं. काळं झाकण. जयवंतनं ते काढलं, खाली दुसरं. बाजूनं वायरींची जाड मोळी आत कुठंतरी डॅशबोर्डाखाली गेलेली. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा तरी कशाला? इंजिन अगदी निरोगी चालत होतं. आजार जिथं होता तिथं आवाजच नव्हता.

"राहू दे काका," निलेशनं हळूच म्हटलं. "कंपनीवाले बघतील. परवा जत्रेला निघायचंय गावाला. अण्णांना घेऊन."

"हीच गाडी?"

"मग! यासाठीच तर घेतली."

"घाटात नको रे न्हेव. अण्णाक एसटीन पाठव. मी जातंय वाटल्यास तेच्याबरोबर."

निघायच्या दिवशी पहाटे जयवंत पुन्हा तेच अण्णांना म्हणाला. अण्णा नवा सदरा घालून, मांडीवर ओटीची पिशवी घेऊन गाडीच्या सीटवर अगदी जमिनीलगत बसले होते. त्यांना आत बसवायलाच दोन माणसं लागली होती. ते हसले. "देवान दिलेल्या गाडयेत बसान देवाकडे जातंय. तू कित्याक घाबरतस? तूच तर लायलंस कौल."

तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. अनुपमा दारात उभी होती, भावाला सांगत होती, सावकाश चालव, दर दोन तासांनी फोन कर. जयवंतनं तिच्याकडं पाहिलं. मग तो गाडीच्या खिडकीतनं आत वाकला आणि अण्णांचा सीटबेल्ट स्वतः लावला. दोनदा ओढून पाहिला.

"निलेशा, ऐक. स्टेरिंग धरलान तर झुंजू नको तेच्याशी. गाडी बाजूक घे, बंद कर, परत चालू कर. आणि घाटात दोन्ही हात. एक बोट नाय. दोन्ही हात."

"हो काका."

"सांग काय सांगितलंय ता."

निलेशनं शाळेतल्यासारखं परत म्हणून दाखवलं. अण्णा हसत होते.

गाडी निघाली. सर्व्हिस रोडला वळली, हायवेला लागली. जयवंत मान तिरकी करून उभा राहिला. दुरून दूर जाणारा आवाज अगदी गोल, स्वच्छ, एकसारखा होता. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"काका!" मागनं हाक आली. भाजीचा टेंपो गाळ्यासमोर उभा होता. "ऑइल बदलायचंय. मार्केटला पोचायचंय, लवकर करा ना जरा."

जयवंतनं शटर वर ढकललं. पोतं खाली अंथरलं, पाना घेतला आणि टेंपोखाली पाठीवर सरकला. तळाचा बोल्ट सैल केला, तसळं खाली ओढलं. काळं ऑइल आधी धारेनं आलं, मग बारीक झालं. "मोबाइल वाजलो तर माका सांग हां," तो खालनंच टेंपोवाल्याला म्हणाला, आणि शेवटचं ऑइल निथळायची वाट बघत तिथंच पडून राहिला.